सात्यांची जागा

मी कुरखेड्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे घरच्यांच्या ताटात नाक खुपसायची मला खोडच आहे. त्या पावसाळ्यात मला स्पर्मिडीननं झपाटलं होतं. हे द्रव्य आपलं शरीर स्वतःच तयार करतं. पेशींमधला जुना कचरा साफ व्हायला त्याची मदत होते, आणि वय वाढतं तसं ते कमी होत जातं. ते दिलेले उंदीर जास्त जगले. माणसाचं अजून नक्की नाही. ते पहिल्यांदा कशात सापडलं आणि त्याला हे नाव का पडलं, ती कथा मात्र आईपुढे सांगण्यासारखी नव्हती. ती मी गाळली.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंगातच बनते म्हणते तू, तं मंग म्हातारपणीच कमी काऊन होते? तवाच तं लागते."

वर्गात इतका चांगला प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. "ठाऊक नाई, माय," मी म्हटलं.

बाबा गेल्यापासून ती वाळत चालली होती. मला ती हवी होती, अजून पुष्कळ वर्षं. म्हणून सोयाबीनच्या वड्या आणल्या. त्या तिनं कोंबड्यांना टाकल्या. मग वाचलं की अळिंबीतही हे द्रव्य असतं. म्हणजे आमच्या सात्या! वारुळावर उगवणाऱ्या त्या पांढऱ्या छत्र्या आई दर श्रावणात ओटीत भरून आणायची. कुठून, ते कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे सात्यांची जागा पोटच्या पोरीलाही सांगत नाहीत. पाय थकले की मगच सांगतात. हे मला ठाऊक होतं, तरी उत्साहाच्या भरात मी तिच्या मागेच लागले, "कुठी भेटते, सांग ना."

एका सकाळी ती म्हणाली, "चाल."

नाला ओलांडून, मोहाच्या दोन झाडांमागं वारूळ होतं. वाटेत ती चारदा बसली. सात्या भरघोस आल्या होत्या. मी अधाशासारखी खुडायला लागले, एकेक उलटी करून बघत, हुंगत. ती दगडावर बसून राहिली. एकीलाही हात लावला नाही.

"जागा ध्यानात ठेवजो, बाई," ती म्हणाली.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मला रडू आलं आणि रागही आला, माझाच.

"मले वाट नाई समजली," मी म्हटलं. "पुढच्या साली तूच दाखव."

वाट मला चांगली पाठ झाली होती.

"एवढी शिकली, अन् साधा नाला ध्यानात राह्यत नाई तुले," ती करवादली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि माझ्याशेजारी वाकून खुडायला लागली.