आमच्या घरातली टकली चिलटं

माझ्या बायकोनं मला जितक्या बारकाईनं पाहिलं नसेल, तितकं ती चिलटांना पाहते. ही तक्रार नव्हे. चिलटांना पाहणं हीच तिची नोकरी आहे. लखनौत, जानकीपुरमच्या टोकाला तिची प्रयोगशाळा. पिकल्या केळ्यांवर घोंघावतात तीच चिलटं तिथे काचेच्या नळ्यांत, कापसाच्या बोळ्याखाली, पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदतात.

त्यातला एक वाण तिनं स्वतः, कित्येक वर्षं संकर करत तयार केलेला. जगात दुसरीकडे कुठेच नाही. एका जूनमध्ये प्रयोगशाळेतलं थंड कपाट बिघडलं आणि हा वाण आमच्या बेडरूममध्ये राहायला आला, कारण एसी तेवढ्याच खोलीला. त्याला अठरा अंश लागायचे. बाहेर लखनौ भाजत होतं आणि आम्ही दोघं रजया घेऊन झोपत होतो.

"अठराच का?" मी विचारलं. ती भेंडी चिरत होती.

"चिलटाच्या पाठीवर केस असतात. प्रत्येक केसाच्या बुडाशी चार बहिणी-पेशी. कुणी मज्जापेशी व्हायचं, कुणी केस, हे त्या एकमेकींना शिवून ठरवतात. ते ऐकायला पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतो, कानच समज. माझ्या वाणाचे कान उकाड्यात बंद पडतात. मग कुणी कुणाचं ऐकत नाही, सगळ्याच मज्जापेशी होतात आणि केस व्हायला कुणी उरतच नाही. चिलट टकलं निघतं."

तिनं क्षणभर माझ्या डोक्याकडे पाहिलं. "तुझं तसं नाही," ती म्हणाली. "तुझं नुसतं वय झालंय."

त्याच सुमारास साताऱ्याहून आई आली. मी मोठ्या हौसेनं मलिहाबादहून दशहरीची पेटी आणली. "हापूस नव्हे हो," असं म्हणत आईनं हॉलच्या कोपऱ्यात आढी घातली, आणि आंब्यांच्या वासानं गावठी चिलटांची वरात घरात शिरली. बायको शांत होती. बोळे घट्ट होते.

मग जवळजवळ पंधरवड्यानं एका सकाळी बेडरूममधून तिचा आवाज आला, "हे बोळे कुणी कुरतडलेत?"

आई देवापुढे बसली होती. "कुरतडले काय म्हणतेस? रोज चिमूट चिमूट घेतला. माझा कापूस संपला ना गं. बाजारचा मेला वळता वळत नाही. तुझा छान आहे, वात कशी झरझर होते."

निरांजनात माझ्या बायकोची कित्येक वर्षं मंदपणे तेवत होती.

"आजी, आप भी ना!" आमची मुलगी म्हणाली. तिला मराठी कळतं, पण बोलायची वेळ आली की ती हिंदीच्या आडोशाला जाते. "मम्मी की पूरी लाइफ थी उसमें!"

"लाइफ दिसली असती तर हात लावला असता का? मला कापूस दिसला."

बायको एकेक नळी उजेडात धरून पाहत होती. बोळ्यांच्या कडेनं फटी पडल्या होत्या. एखादं गावठी चिलट आत शिरून संसार थाटून बसलं असेल तर त्या नळीतला वाण बाटला. आणि थंडीत दोन्ही जातींची चिलटं अगदी सारखीच दिसतात. ओळखायचा मार्ग एकच: उकाडा. वाण अस्सल असेल तर टक्कल पडेल, मिसळ झाली असेल तर केस दिसतील.

उकाडा मागायला लखनौत कुठे जावं लागत नाही. प्रत्येक नळीतले थोडे कोष काढून तिनं कूलरवाल्या हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर मांडले. बाकीचे थंडीतच ठेवले. मग वाट पाहणं आलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. मी विनोद करून पाहिले. ते त्या टेबलावरच पडून राहिले. आईनं कुणाला न सांगता आढी मोडली आणि उरलेले आंबे शेजारच्या भाभींकडे पोचवले. आंबा आवडत नाही असं तिनं जाहीर केलं. आमच्या घरातलं हे सर्वांत मोठं असत्य असावं.

कोष फुटले तेव्हा बायकोनं पहिल्या नळीतली चिलटं बर्फावर निजवली आणि प्रयोगशाळेतून आणलेल्या छोट्या मायक्रोस्कोपखाली धरली.

"केस आहेत."

ती सगळी नळी मारून टाकायला फ्रीजरमध्ये गेली. दुसऱ्या नळीलाही केस. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर हातात धरून उभी. तिसऱ्या नळीवर बायको बराच वेळ वाकून राहिली.

"टक्कल," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "टक्कल! सगळी टकली आहेत!"

माणसाचं टक्कल पाहून कुणी इतकं हरखल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही, तेही घरात सोय असताना.

"बघू," आई म्हणाली. चष्मा कपाळावर सरकवून तिनं डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे. "अगं बाई, अगदी ह्याच्यासारखंच की!"

बायको हसली, कितीतरी दिवसांनी. पुढे आणखी काही नळ्या टकल्या निघाल्या. वाण वाचला.

संध्याकाळी तिनं कापसाची नवी गुंडाळी आणून निम्मी आईपुढे ठेवली. "ही तुमच्या वातींसाठी."

आईनं गुंडाळी उलगडली, एक मोठा लोळा तोडला आणि तळव्यांत दाबून वळायला लागली. तो वातीच्या मानानं फारच जाड होता.

"आधी तुझे बोळे होऊ देत," ती म्हणाली. "नळीचं तोंड केवढं, ते तेवढं दाखव मला."