मंद्रूपच्या डोणीतला गाळ

फॉर्मॅलिनची बाटली मीच भरली होती, त्यामुळे निस्तरावंही मलाच लागलं.

ऑस्ट्राकॉड म्हणजे दोन शिंपल्यांत मिटून राहणारा, मोहरीहूनही लहान पाण्यातला जीव. मागच्या वर्षी मंद्रूपजवळच्या एका वस्तीवर, जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत मला तो सापडला. त्याच्या भाईबंदांच्या शिंपल्याच्या कडेला बारीक दाणे असतात. याची कड साफ गुळगुळीत. नवी जात! मी शोधनिबंधाचा मसुदा लिहिला, नावही मनात ठेवून टाकलं. माझ्या मार्गदर्शक सरांनी एवढंच विचारलं, "नमुना कशात ठेवला होता?" जुन्या फॉर्मॅलिनमध्ये आम्ल वाढतं आणि ते चुन्याचे शिंपले खातं, हे मी वर्गात स्वतः शिकवते. "ताजा नमुना आणा, मग बोलू," सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी निघाले.

सोलापूर स्टँडवरून मंद्रूपला एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. उन्हाचे जाणार असाल तर सातच्या आत निघा. आणि माझ्यासारखे किडे गोळा करणार असाल तर अल्कोहोल न्या. उतरल्यावर गरम भजी खाल्ली आणि वस्तीपर्यंत चालत गेले.

डोण पांढरीशुभ्र होती आणि ठणठणीत कोरडी. शेजारी वस्तीच्या मालकीणबाई, कल्लव्वामावशी, चुन्याची बादली धूत होत्या.

"काय शोधालाव बाई?"

"मावशी, पाणी कुठं गेलं?"

"उद्या कारहुणवी हाय की, बैलांचा सण! बैलं सजवायची, डोण घासून चुना मारायचा. दरसाल करताव आमी."

"आणि तळाचा गाळ?"

"मीच खरवडून टाकला की, त्या लिंबाखाली. पार वाळलाय बगा."

मला रडू फुटायचंच बाकी होतं. मग डोकं चाललं: या जीवांची अंडी वाळल्या चिखलातही महिनोन्महिने तग धरतात. मी खाली बसून ढेकळं पिशवीत भरायला लागले.

"त्यात शेण बी हाय बरं का!" मावशींनी बजावलं, आणि मग स्वतःच खुरपं घेऊन मदतीला बसल्या. जेवल्याशिवाय सोडलं नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. हॉटेलात शोधू नका, ती चव मिळायची नाही.

घरी पाणी उकळून गार केलं, पांढऱ्या तसराळ्यात गाळ भिजवला, वर मलमलीचं फडकं बांधलं. चार दिवस नुसता वास. घरचे वैतागले, पण मी तसराळं हलवू दिलं नाही. पाचव्या दिवशी पाण्यात एक ठिपका हलला. पुरती वाढ व्हायला महिना गेला. रोज भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, गुळगुळीत निघ रे बाबा.

दहा जीव अल्कोहोलमध्ये घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुयांनी एकेकाचे शिंपले उघडले. दहाच्या दहांना दाणे. पायांची, मिशांची ठेवणही जुन्या, नोंदलेल्या जातीशी तंतोतंत जुळली. तरी हट्टाने एक शिंपला त्या जुन्या फॉर्मॅलिनमध्ये टाकला. पंधरा दिवसांत त्याची कड गुळगुळीत झाली. माझी नवी जात माझ्याच बाटलीत तयार झाली होती. खूप वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

सरांच्या आधी मावशींना फोन केला. "नवीन नाही निघालं, मावशी. जुनंच आहे."

"नवीन कसं आसंल वो? माजी सासू बी त्योच गाळ खरवडत आली की!"

मी मोठ्याने हसले, किती तरी दिवसांनी. मग मसुदा पुसून टाकला आणि बाटलीत घालायची चिठ्ठी लिहायला घेतली. जातीचं नाव जुनंच. गाव मंद्रूप. नमुना गोळा करणारे, या रकान्यात आधी कल्लव्वामावशींचं नाव लिहिलं आणि त्याखाली माझं.