दिल्लीचा गुलाल

त्या वर्षी लोकसभा आणि विधानसभा, दोन्हींचं मतदान एकदमच आलं. आमच्या रिह्याच्या खोऱ्यात लोकांनी आपली सोपी वाटणी करून घेतली होती: एक मत दिल्लीचं, एक मुंबईचं. दिल्लीच्या मताचं कुणाला फारसं सोयरसुतक नव्हतं. भांडणं होती ती मुंबईच्या मतावरून. मी एका बाजूला, आणि माझे सख्खे चुलते, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, ते दुसऱ्या बाजूला.

कुणी शहाणा असता तर त्याने तात्यांशी जपून घेतलं असतं. वडील गेल्यापासून घरात मी आणि आई. आमच्या खाचरांत गरवं भात, म्हणजे दिवाळीनंतर कापायला येणारं. ते दोघांच्याने कसं निघणार? आमच्याकडे कापणी इर्जिकीने होते. आज सगळी भावकी एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, फक्त दुपारचं जेवण. आणि माणसं गोळा होतात ती तात्यांनी हाक दिली म्हणून. माझ्या हाकेला आमचं कुत्रंसुद्धा विचार करून उठायचं. थोडक्यात, आमचं वर्षाचं खाणं तात्यांच्या हाकेवर उभं होतं. हे मला ठाऊक होतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात उमेदवार बसला होता, आणि तिथे आधीच जागा कमी.

निकालाच्या दिवशी पुण्याला गेलो. आत जायचा पास नव्हता, तरी गावात ‘मोजणीला चाललोय’ असंच सांगितलं, जणू माझ्यावाचून बेरीज अडली असती. बाहेर रस्त्यावर तोबा गर्दी. प्रत्येक फेरीचे आकडे कुणीतरी फळ्यावर खडूने लिहीत होतं. मी लोकांच्या बगलेखालून मुंडी काढून पाहिलं. आमचं चिन्ह पुढे! तेही असं पुढे, की मागचा दिसेना.

तसाच पळत सुटलो आणि टेलिफोनच्या टपरीवरून गावातल्या दुकानात फोन लावला. “आला! आपला आला! लेझीम काढा!”

“नक्की का?” दुकानदार म्हणाला.

“डोळ्यांनी बघून आलोय.”

खोटं नव्हतं ते. फक्त फळे दोन होते. मी पाहिला तो दिल्लीचा. चिन्ह दोन्हीकडे तेच. मुंबईच्या फळ्यावर आमचा माणूस पहिल्या फेरीपासून मागे पडत होता, आणि तो फळा एका जाड्या गृहस्थाच्या पाठीआड होता.

येताना गुलालाचं पोतं घेतलं. गावात पोचलो तर लेझीम तयारच. पोरांनी मला खांद्यावर उचललं. वरून गाव फार लहान दिसतं. त्या उंचीवरूनच मी फर्मान सोडलं, “तात्यांच्या दारावरनं घ्या!”

तात्यांचं भात हळवं, लवकर येणारं; ते दसऱ्याआधीच निघालं होतं. दारापुढच्या सारवलेल्या खळ्यावर झोडलेल्या भाताची रास पडली होती आणि तात्या सुपाने भात उफणत होते. मी दोन्ही हातांनी गुलाल उधळला. उफणणीसाठी त्यांनी चांगलं वारं बघून ठेवलेलं. ते माझ्या कामी आलं. बघता बघता सगळी रास गुलाबी.

तात्या ओरडले नाहीत. सूप खाली ठेवून एवढंच म्हणाले, “आरं, रास हाय ती. ती कुटं मत द्यायला गेलीवती?”

मी वरून म्हणालो, “तात्या, आज तुमी बोलायचं न्हाई. आज ऐकायचं.”

तेवढ्यात दुकानदार धावत आला. “थांबा, थांबा! मोजणीवरनं फोन हाय. दिल्लीचा आला, मुंबईचा पडला. लई मतांनी पडला!”

ज्यांनी मला उचललं होतं त्यांनी खाली ठेवलं नाही, सोडलं.

दिवाळी झाली आणि इर्जिकी सुरू झाल्या. मी विळा घेऊन सगळ्यांच्या खाचरात गेलो. नको कुणी म्हणालं नाही. फक्त मी कापलेलं भात बांधायला कुणी हात लावेना; माझ्या मागे माझाच पसारा पडून राहायचा. आमच्या पाळीच्या दिवशी आईने सगळ्या भावकीपुरतं रांधलं. पाट्या डोक्यावरून खाचरात आणल्या. दुपार कलली तरी बांधावर माणूस नाही. आईने आमटीवरचं झाकण उघडून पाहिलं, पुन्हा ठेवलं. मग पदर खोचून विळा उचलला. मीही वाकलो. दोन माणसांनी कापलं तर खाचर कमी होताना दिसत नाही. आणि पश्चिमेला डोंगरावर ढग भरत होते.

संध्याकाळी तात्यांकडे गेलो.

“तात्या, भात धुतलं का?” काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून हे बोललो.

“धुतलं. भात गुलाबी, पाणी गुलाबी, तुझी चुलती गुलाबी. बी धरायचं व्हतं मला त्यातनं.”

“चुकलं माझं. पाया पडतो. आभाळ आलंय, तात्या. माणसं सोडा.”

“मी कुणाला धरून ठेवलंय व्हय? मी कुणाला जाऊ नको म्हनलो न्हाई. फकस्त हाक दिली न्हाई.”

मी खरोखरच पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि आशीर्वादाला हातही वर केला नाही. निघताना आवाज आला, “चपला तुझ्याच घाल.” मी घाईत त्यांच्या घातल्या होत्या.

पाऊस आला. थांबायचं नावच घेईना. उभं भात पाण्यात आडवं झालं. आम्ही गुडघाभर चिखलात लोंब्या चाचपून कापत होतो, बांधावर आणून टाकत होतो, आणि कापलेलंही तिथेच भिजत होतं. उघडीप झाली तेव्हा लोंबीतल्या दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. मी आईला म्हणालो, वाळवू, काहीतरी निघंल. आई कापत राहिली.

निवडून आलेल्या तात्यांच्या उमेदवाराची आभाराची सभा होती. तात्या इस्त्रीचा सदरा घालून बांधाबांधाने तिकडे चालले होते. आमच्या खाचराशी थांबले. एक लोंबी उचलली, तळहातावर चोळली, फुंकली. गुलालाच्या दिवसानंतर ते आपणहून माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

“कापू नको आता. गुरं सोड.”

आणि गेले. आईने माझ्याकडे पाहिलं. घरातला कर्ता पुरुष म्हणून निर्णय माझा. मी गोठ्यात जाऊन दावी सोडली. गुरं खाचरात शिरेनात. वर्षभर तिथून त्यांना मीच दगड मारून हाकललं होतं. शेवटी आईने एका गाईच्या पाठीवर थाप मारली आणि तिला आत ढकललं.