बुद्धाच्या पोटात

जपानमधल्या एका देवळातला प्रचंड बुद्ध आतून पोकळ आहे. एका छोट्या दारातून वाकून त्याच्या पोटात शिरता येतं. बाहेरून जो एवढा शांत दिसतो, त्याच्या आत नुसता अंधार, ओतकामाचे सांधे आणि थंडगार धातूचा वास. एक जपानी आजीबाई तिथे डोळे मिटून उभ्या होत्या. मीही मिटले.

तेवढ्यात आमच्या सहलीतले देसाईकाका गरजले, "गणपती बाप्पा..." आणि आमच्या अख्ख्या घोळक्याने साथ दिली, "मोरया!" सगळा धातू घुमला. आजीबाई दचकून भिंतीला टेकल्या.

माझं डोकंच फिरलं. "अहो काका, देवळात आहोत आपण!"

"म्हणून तर देवाचं नाव घेतलं, ताई. शिव्या दिल्या का?"

मी तरातरा बाहेर आले. आपल्याला रिकामी जागा बघवतच नाही. डोंगर दिसला की आरोळी, बोगदा आला की शिट्टी. शांतता म्हणजे जणू कुणीतरी आपल्यासाठीच मोकळी सोडलेली भिंत, नाव खरडायला! त्या संतापातच मी हात जोडले आणि वर पाहिलं. पोटात एवढा गलका उठूनही बुद्धाचे डोळे अर्धे मिटलेलेच होते.

आणि त्याच्या पोटातून पुन्हा घुमत आलं, "गणपती बाप्पा..."

मी दातओठ खात उभी होते. त्याच दातओठांतून, थेट बुद्धाकडे बघत, निघून गेलं, "मोरया!"