चौथ्या प्रकरणातली डाकीण

युद्धाची वर्षं होती. कागदाची टंचाई, नवी पुस्तकं दुर्मीळ, म्हणून जळगावातलं आमचं वाचनमंडळ एकाच प्रतीवर चालायचं. रविवारी सकाळी वकिलांच्या दिवाणखान्यात जमायचं, भुताखेतांच्या आणि अद्भुताच्या गोष्टींतलं एखादं प्रकरण मोठ्यानं वाचायचं आणि त्यावर चर्चा करायची. चर्चा म्हणजे वकील बोलणार आणि बाकीचे माना डोलावणार. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. मंडळात बाई मी एकटीच, तीही मंडळ पुढारलेलं दिसावं म्हणून घेतलेली. वकील हा माणूस मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको वाटायचा. 'भूतबीत सगळं झूट आहे,' असं आम्हाला बजावून मगच तो पुस्तक उघडायचा.

तरी मी जात राहिले, कारण माझी मावशी त्याच घरी कामाला होती. वकिलांच्या तान्ह्या नातवाला ती तेल लावून न्हाऊ घालायची, धुरी द्यायची. चोपड्याकडच्या एका गावातून तिला डाकीण म्हणून हाकलून दिलं होतं. दिराचं मूल तापानं गेलं आणि त्याच्या आदल्या दिवशी मावशी त्यांच्या दारात उभी होती, एवढाच तिचा गुन्हा. जळगावात हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर एकाही घरानं तिच्या हाती मूल दिलं नसतं, आणि तिचा सगळा जीव त्या मुलांत होता.

त्या रविवारी एका जाडजूड कादंबरीचं चौथं प्रकरण वाचून झालं. त्यात एक डाकीण नुसत्या नजरेनं बाळाचा जीव घेते. वकील खूश झाले.

"काय उभी केलीय हो! मूर्तिमंत दुष्टावा!"

"कुठे? ओळ दाखवा," मी म्हणाले.

त्यांना ती सापडेना. मी पुस्तक ओढून घेतलं आणि प्रकरण पुन्हा वाचून दाखवलं. बाळ आधीपासूनच तापलेलं आहे. बाई दारात येते, पाणी मागते, निघून जाते. तिनं मारलं असं म्हणतो तो तिचा दीर, आणि त्याचा तिच्या विहिरीवर डोळा आहे हे लेखकानंच आधी लिहून ठेवलंय. पुढच्या पानापासून मात्र लेखकही तिला डाकीणच म्हणू लागतो.

"असली साक्ष कोर्टात तुम्ही टिकू दिली असती का?" मी विचारलं.

"बाई, ही कादंबरी आहे, खटला नव्हे. वाचकाला भीती वाटली की काम झालं. मुळात डाकीण नसतेच, मग तिला न्याय कसला द्यायचा?" मग चष्मा पुसत म्हणाले, "पण तुम्ही एवढ्या का तापता? नात्यातली होती की काय?"

सगळे खो खो हसले. माझ्या अंगाची आग आग झाली. पण तोंड उघडलं तर मावशीचं काम सुटणार होतं. मी दातओठ खात बसले. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही.

तेवढ्यात माजघराचा पडदा हलला आणि मावशी बाहेर आली. त्या दिवाणखान्यात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. हातात दुपट्यात गुंडाळलेलं, न्हाऊन झोपी गेलेलं बाळ.

"भाऊ, ती बाई मीच शे," ती म्हणाली. "सारं गाव माले डाकीण म्हने. तुम्हना नातूले रोज मीच आंघोय घालस. काय व्हयनं याले, सांगा."

मला वेडीला वाटलं, हा माणूस आता तरी लाजेल. वकील उठले. मावशीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बाळाचं कपाळ चाचपलं, पापणी वर करून डोळा पाहिला, आणि हिसका मारून त्याला काढून घेतलं. ते दचकून जागं झालं आणि टाहो फोडून रडू लागलं.

"मीठमोहऱ्या आणा!" वकील आत तोंड करून ओरडले. "आधी दृष्ट काढा याची!"

मावशीच्या हातात नुसतं दुपटं राहिलं.