भिंतीत राहिलेली दोरी

“दोरी काढ! आत्ताच्या आत्ता!” पेत्रु म्हातारा ओरडला. मी थापी हातात धरून उभाच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सिडनीच्या पश्चिमेला आम्ही रोमेनियन ऑर्थोडॉक्स लोकांचं चर्च बांधत होतो. त्यांच्या मुलखातली जुनी चर्चं म्हणजे गढ्याच. हल्ला आला की अख्खं गाव आत. म्हणून भिंती जाड, दार बुटकं आणि खिडक्यांच्या जागी जंग्या: बाहेरून नुसती फट, आतून रुंद. नववीत शाळा सोडलेला मी वसईचा मिस्त्री. किल्ल्यात खेळून वाढलेलो, त्यामुळे तो नकाशा बघून धीर आला होता. ग्रेग बॉसने मला इथे आणलं, त्याचे उपकारच. पण व्हिसाही त्याच्याच सहीवर.

पेत्रु चर्चच्या कमिटीचा प्रमुख. रोज स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, येऊन माझ्या हातांवर नजर ठेवायचा. हा इमिग्रेशनला माझी खबर देणारा तर नाही, असं मला वाटायचं.

त्या दिवशी विटांची ओळ सरळ यावी म्हणून मी दोरी ताणली. पेत्रु उन्हात उभा, त्याची सावली भिंतीवर. दोरीचं टोक सिमेंटच्या मालात अडकलं. मी ते कापलं, वरून थापी फिरवली.

पेत्रुचं ओरडणं ऐकून ग्रेग धावत आला. “काय केलंस, मेट?”

“काही नाही. दोरी अडकली.”

“खोटं! माझी सावली मापली!” पेत्रुने भिंतीकडे बोट दाखवलं. “आमच्याकडे मिस्त्री गुपचूप सावली मापून दोरी भिंतीत चिणतात. भिंत उभी राहते, माणूस आडवा होतो!”

ग्रेगने हसू गिळलं, मला बाजूला घेतलं. “खरं सांग, इंडियात असलं काही करतात?”

“आमच्याकडे फादर पाणी शिंपडतात. बस.”

“कमिटी म्हणाली तर तुला काढावं लागेल.”

आमच्या लहानपणीही पुलाचं काम निघालं की पायाच्या खड्ड्यात पोरं पुरतात अशी अफवा उठायची, आणि आई घराबाहेर सोडायची नाही. हे ग्रेगला सांगितलं नाही.

छिन्नी घेतली. माल ओलाच होता. पेत्रुसमोर विटा काढल्या, बोटभर तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

“एवढाच? बाकीची कुठे?”

मी अख्खी दोरी दिली. त्याने ती खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी पेत्रु आला, माझ्यासाठी नवी दोरी घेऊन. उभा मात्र झाडाखाली राहिला, जिथे त्याची सावली पडत नव्हती.

भिंत टिकली, पेत्रु टिकला, माझा व्हिसाही टिकला. तेव्हापासून दोरी ताणण्याआधी मी मालकाला सांगतो, “जरा उन्हातून बाजूला व्हा.”