वरून उतरणारं रक्त

आमच्या आळीत तिला सगळे ठिणगी म्हणत. मानेतल्या रक्तवाहिन्यांची चित्रं काढणाऱ्या यंत्रावर ती कामाला होती. कपाळाला कायम आठ्या, आणि आवाज भिंतीपलीकडे जाणारा.

त्या दिवशी यंत्रात तिच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा होता. भिंती रंगवणारा, डावखुरा. शिडीवर हात उंचावून ब्रश फिरवायला लागला की त्याला गरगरायचं. ताई म्हणायची, "यांना कामाचीच चक्कर येते." तो हसून सोडून द्यायचा. ठिणगीला त्या हसण्याचाही राग यायचा.

चित्रात मानेच्या मागची डावी नस दिसलीच नाही. डॉक्टर म्हणाले, "जन्मापासूनच नसेल. घरी जाऊ दे."

"ऐकलंत ना? उद्यापासून शिडी," ताई म्हणाली.

ठिणगी चित्रासमोरून हलेना. या यंत्राला नसेची नळी दिसत नाही, तिच्यात शिरणारं ताजं रक्त तेवढं उजळतं. डोक्याकडून खाली परतणारं रक्त मध्ये येऊ नये म्हणून मानेच्या वरच्या बाजूला यंत्राचीच एक अदृश्य पट्टी लावतात. ती वरून येणारं सगळं रक्त काळं करते. आजही तिनंच लावली होती, रोजच्यासारखी. आणि भाऊजींच्या त्या नसेतलं रक्त वरूनच खाली येत असेल तर?

"पट्टी काढून पुन्हा घेते."

"बाहेर रांग लागलीय," काउंटरवरचा म्हणाला.

"मग रांगेला माझ्याकडे पाठव. बघते एकेकाला."

आवाज ऐकून डॉक्टर परत आले. तिनं शंका सांगताच त्यांनी भाऊजींच्या दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजला. डावीकडे फारच कमी होता. "काढा पट्टी," ते म्हणाले.

नस उजळली. चांगली जाड, अंधारातून वळण घेत आलेली.

"खांद्यापाशी हाताकडे जाणाऱ्या रक्ताची वाट तुंबलीय," डॉक्टर म्हणाले. "हात राबायला लागला की मेंदूचं रक्त उलट फिरून हातात उतरतं. मी घाई केली. वाट मोकळी करावी लागेल. तोवर शिडी बंद."

भाऊजी हसले. "मेव्हणीबाई, हात भलताच खादाड निघाला की."

"हसू नका. इतकी वर्षं ऐकून घेतलंत, एकदा तरी ओरडायचं होतंत." ती ताईकडे वळली. "आणि तू..."

ताई खाली बसून भाऊजींच्या बुटाची नाडी बांधत होती. मान वर करत नव्हती. ठिणगीचं वाक्य तसंच राहिलं, राग मात्र उतरला नाही.

"पुढचा कोण?" ती दारातून खेकसली. "घड्याळ, अंगठ्या काढून या. आणि चक्कर येत असेल तर कधी येते ते मला सांगा. घरच्यांना नको."